मधल्या जागेचा रंग

हृदयाच्या विजेची तपासणी होते त्या ईपी (इलेक्ट्रोफिजिऑलॉजी) लॅबमध्ये सकाळचं पहिलं काम म्हणजे ५० हर्ट्झची शोधाशोध. पेशंट टेबलावर यायच्या आत ती उरकलेली बरी. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते आणि खोलीतली प्रत्येक लोंबती वायर त्यातलं थोडंफार उचलते. टेबलाची मोटर, पेशंटला ऊब देणारं यंत्र, इन्फ्युजन पंप, आणि बहुतेक वेळा कन्सोलमागच्या सॉकेटला कुणीतरी लावून विसरलेला मोबाइलचा चार्जर. आमचे जुने टेक्निशियन, ज्यांना सर्जनपासून मावशींपर्यंत सगळे नुसतं 'काका' म्हणतात, ते एकेक प्लग काढत जातात आणि मी पडद्यावरच्या रेघेकडे बघत काचेपलीकडून सांगते, "आहे अजून. आहे. हां, गेला!"

एवढा आटापिटा कशासाठी, तर आम्हाला जे बघायचं असतं ते फार बारीक असतं. निरोगी वेंट्रिकलला, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याला, आतून टेकवलेल्या दोन इलेक्ट्रोडमधून दीड मिलिव्होल्टच्या वरचा सिग्नल येतो. जुन्या हार्ट अटॅकचा वण जिथे आहे तिथे तो ०.५ च्या खाली उतरतो, आणि त्या वणात तग धरून राहिलेल्या एखाद्या स्नायूच्या धाग्याचा सिग्नल ०.१ किंवा त्याहूनही लहान असतो. भिंतीतल्या विजेची कुरकुर सहज तेवढी होते. बरं, ती गाळून टाकावी तर हे सिग्नल आम्ही साधारण ३० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात बघतो, आणि ५० हा आकडा त्या पट्ट्याच्या आतच बसतो. मशीनवर नॉच फिल्टरचं बटण आहे. दाबलं की रेघ एकदम स्वच्छ. शिकाऊ मुलांना ते बटण फार आवडतं. काका हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. उंच, टोकदार सिग्नल नॉच फिल्टरमधून गेला की त्याच्यामागे बारीक लहरींची शेपटी उमटते. ती फिल्टरने बनवलेली असते, हृदयात तसलं काही घडलेलं नसतं. आणि वणाच्या भागात आम्ही डोळ्यांत तेल घालून शोधत असतो ते काय, तर मुख्य ठोक्याच्या मागून उशिरा येणारे असेच बारीक सिग्नल!

म्हणून बटण न दाबता मुळाशी जायचं. छातीवरचे केस काढायचे, कातडी पुसून जराशी खरखरीत करायची, मग पॅच लावायचे. एक पॅच घट्ट आणि दुसरा सैल असला की दोघांनी सारखाच उचललेला नॉइज वजाबाकीत निघून जात नाही, उरतो. केबलची वेटोळी एकमेकींवर टाकायची नाहीत. एका हॉस्पिटलात ऐन मे महिन्यात नॉइज काही केल्या हटेना, तेव्हा काकांसारख्याच एका अनुभवी माणसाने मला अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून यायला सांगितलं. माती कोरडी पडली की अर्थिंग ढिलं होतं. बादली घेऊन इमारतीमागे चाललेल्या लेड ॲप्रनवाल्या बाईकडे वॉचमन ज्या नजरेने बघत होता ती नजर मी विसरलेले नाही.

मी मॅपिंग करते. बायोमेडिकल शिकले, एका कंपनीकडून पुणे, नाशिक, कोल्हापूर अशी केस असेल तिथे जाते. ज्यांच्या हृदयाचा ताल बिघडतो त्यांच्या मांडीतल्या रक्तवाहिनीतून डॉक्टर कॅथेटर आत नेतात, बिघडलेली जागा शोधतात आणि तेवढीच जागा रेडिओफ्रिक्वेन्सीने तापवून निकामी करतात. भाजायचं डॉक्टरांनी. कुठे भाजायचं ते दाखवणारा नकाशा मी काढते. पडद्यावर हृदयाचा कप्पा फिरवता येतो, त्यावर रंग असतात, आणि बाहेर काचेशी उभे असलेले लोक ते बघून हमखास म्हणतात, "काय भारी दिसतंय!"

दिसतं खरं भारी. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न असतो. यातला किती रंग मोजलेला आहे आणि किती सॉफ्टवेअरने भरलेला आहे?

हे काम मी शिकले तेव्हा एकेक पॉइंट घ्यायची पद्धत सगळीकडे होती. १९९० च्या दशकात इस्राएलमधल्या हैफात श्लोमो बेन-हैम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी यंत्रणा घडवली, तिचीच ती पद्धत. टेबलाखाली चुंबकीय कॉइल, कॅथेटरच्या टोकात सेन्सर. टोक कुठे आहे ते मिलिमीटरात कळतं आणि त्याच क्षणी तिथला सिग्नलही मिळतो. जागा आणि वेळ एकाच ठिपक्यात. त्याआधी एक्स-रेच्या सावल्यांवर आणि डॉक्टरांच्या स्मरणशक्तीवर काम चालायचं, त्यामुळे ही उडी किती मोठी होती हे ज्येष्ठ डॉक्टर अजून सांगतात. पण ठिपके एकेक करून गोळा करायचे. डॉक्टर कॅथेटर सरकवायचे, मी "घेतला" म्हणायचे, पुन्हा सरकवायचे. शंभर-दीडशे ठिपके झाले की सगळ्यांची पाठ धरायची आणि नकाशा झाला असं ठरायचं. दोन ठिपक्यांमधल्या जागेला सॉफ्टवेअर शेजाऱ्यांकडे बघून रंग द्यायचं. त्या मधल्या जागेत काय आहे ते कुणी पाहिलेलं नसायचं.

शिवाय ज्या टोकाने मोजायचो ते भाजायचंच टोक, ३.५ ते ४ मिलिमीटरचं. हृदयाच्या स्नायूत विजेची लाट सेकंदाला साधारण अर्धा ते एक मीटर धावते, म्हणजे एक मिलिमीटर जायला एक ते दोन मिलिसेकंद. चार मिलिमीटरचं टोक एका क्षणी एका जागेचं बोलत नाही, आपल्या खालच्या सगळ्या पट्ट्याची सरासरी सांगतं. वणातला जिवंत धागा एखाद-दोन मिलिमीटर रुंद असेल आणि दोन्ही बाजूंना मेलेला भाग असेल, तर सरासरीत तो धागा बुडून जातो.

आमच्या कन्सोलरूममध्ये कपाटाच्या दारावर एक रंगीत झेरॉक्स चिकटवलेली आहे. ॲमस्टरडॅमच्या डर्क ड्यूरर यांच्या गटाने १९७० साली प्रसिद्ध केलेलं माणसाच्या हृदयाचं चित्र. मेंदूच्या विकारांनी दगावलेल्या आणि हृदय निरोगी असलेल्या सात जणांची हृदयं शरीराबाहेर चालू ठेवून, भिंतीत सुया टोचून, ८७० पर्यंत जागी त्यांनी लाट केव्हा पोहोचते ते मोजलं. पाच-पाच मिलिसेकंदांचे रंगांचे पट्टे. डाव्या वेंट्रिकलमध्ये लाट एका बिंदूतून निघत नाही, तीन ठिकाणी जवळजवळ एकदमच उगवते, हे तिथे डोळ्यांना दिसतं. आजही इलेक्ट्रोफिजिऑलॉजी शिकणारा प्रत्येक जण ते चित्र बघतोच. मला त्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. सुया भिंतीच्या जाडीत आरपार होत्या. आमचे आजचे महागडे कॅथेटर नुसते आतल्या पृष्ठभागावर फिरतात, जाडीत काय चाललंय ते अंदाजानेच. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या नकाशापुढे आपला नकाशा एका बाबतीत अजून उथळ आहे, ही जाणीव कपाट उघडताना होते. नव्या कॅथेटरचं माहितीपत्रक घेऊन कुणी आलं की मी त्याला तिथेच उभं करते.

मग अनेक इलेक्ट्रोडचे कॅथेटर आले. पाच पाकळ्यांवर वीस इलेक्ट्रोडचा एक, चौसष्ट बारीक इलेक्ट्रोडची छोटी टोपली असलेला एक, चार काड्यांवर चार-चार अशा सोळा इलेक्ट्रोडची चौकट असलेला एक. इलेक्ट्रोड एक मिलिमीटरचे किंवा त्याहून लहान, त्यांच्यातलं अंतर दोन-तीन मिलिमीटर. डॉक्टर कॅथेटर भिंतीवरून फिरवत राहतात आणि दर ठोक्याला मूठभर ठिपके आपोआप पडतात. पंधरा-वीस मिनिटांत हजारो. कंपन्यांच्या बैठकांत त्या हजारांचं फार कौतुक चालतं. माझ्या नोकरीचा तो भाग असला तरी मला त्याचा कंटाळा येतो, कारण ठिपक्यांची संख्या वाढली म्हणजे नकाशा सुधारला असं नसतं, हे लॅबमध्ये बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

खरी सुधारणा कुठे झाली ते एका केसवरून सांगते.

एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ. बऱ्याच वर्षांपूर्वी मोठा अटॅक, हृदयाच्या पुढच्या भिंतीचा बराच भाग गेलेला. छातीत आयसीडी बसवलेलं, म्हणजे ठोके बेफाम झाले की आतून शॉक देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र. यंत्र आपलं काम चोख करत होतं आणि तीच पंचाईत होती. शॉक पूर्ण शुद्धीत बसायचे. पुढचा केव्हा बसेल या धास्तीने ते आंघोळीला जाताना आतून कडी लावेनासे झाले होते. त्यांच्या पत्नी लॅबबाहेर मला म्हणाल्या, "ताई, घाटात गाडी चालवताना कधी भ्यायले नाहीत हे. आता अंगणात उतरायचं म्हटलं तरी कुणीतरी बरोबर लागतं."

अशा हृदयात वणाच्या आत जिवंत स्नायूची एखादी अरुंद वाट शिल्लक असते. लाट त्या वाटेने रेंगाळत जाते, पलीकडे बाहेर पडते, तोपर्यंत भोवतालचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, आणि ती गोल फिरत राहते. हीच व्हीटी, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. व्हीटी चालू असताना नकाशा काढला तर वाट सापडायला सोपं जातं, पण यांचं ब्लडप्रेशर व्हीटीत टिकत नव्हतं. मग नेहमीचा ताल चालू ठेवून वणाचाच नकाशा काढायचा आणि वाट कुठे असू शकेल ते ताडायचं. ही केस करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सोळा इलेक्ट्रोडची चौकट आत नेली.

आता थोडं वजाबाकीविषयी बोलावं लागेल. आम्ही बघतो तो बायपोलर सिग्नल, म्हणजे शेजारच्या दोन इलेक्ट्रोडच्या सिग्नलांमधला फरक. वजाबाकीने लांबून येणारा गोंगाट जातो, ही तिची मोठी सोय. पण तिला एक खोड आहे. पालखीच्या वाटेवर दोन माणसं उभी करा आणि पताका समोर आली की हाक मारा म्हणून सांगा. रस्त्याच्या एकाच कडेला पुढेमागे उभी केलीत तर आधी एक हाक येईल, मग दुसरी. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर उभी केलीत तर दोघं एकदमच हाक मारतील. दोन हाकांची वजाबाकी केली तर पहिल्या वेळी पालखी गेल्याचं कळेल, दुसऱ्या वेळी शून्य येईल. इलेक्ट्रोडची जोडी लाटेच्या दिशेला आडवी पडली तर निरोगी स्नायूही पडद्यावर मेल्यासारखा दिसतो. जुन्या कॅथेटरवर इलेक्ट्रोड एकाच रेषेत असायचे. लाट कुठून येते त्यावर वणाचा आकार ठरायचा, आणि आम्ही त्या आकाराला वण म्हणायचो.

चौकटीत जोड्या दोन्ही दिशांना लागतात. काडीच्या लांबीने बारा आणि एका काडीवरून दुसरीवर अशा आडव्या बारा. शिवाय नवं सॉफ्टवेअर शेजारच्या इलेक्ट्रोडच्या छोट्या चौकोनातली दोन्ही दिशांची माहिती एकत्र करून, लाट ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेचा सिग्नल हिशेबाने काढतं. याला ओम्निपोलर म्हणतात. कॅथेटर कसा का पडेना, सिग्नल सहसा लहान होत नाही.

ड्रायव्हरकाकांच्या केसला मी एकाच माहितीतून तीन नकाशे काढून पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवले. फक्त उभ्या जोड्यांचा, फक्त आडव्या जोड्यांचा आणि ओम्निपोलर. तोच कॅथेटर, तेच ठोके, तेच ठिपके. पहिल्या नकाशात पुढच्या भिंतीवर एकसंध लाल डाग होता. लाल म्हणजे ०.५ मिलिव्होल्टच्या खाली. दुसऱ्यात तो डाग वेगळ्याच बाजूला सरकलेला. तिसऱ्यात डाग आकसला आणि त्याच्या वरच्या बाजूने आत शिरणारी एक निळसर पट्टी दिसू लागली, बोटाच्या पेरापेक्षा अरुंद. मॅडम हातातला कॅथेटर तसाच धरून थांबल्या. "ही पट्टी सॉफ्टवेअरची की पेशंटची?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. उत्तर रंगात नसतं, रेघांत असतं. पट्टीवरचे ठिपके एकेक उघडून मी मूळ सिग्नल दाखवले. पट्टीच्या सुरुवातीला ठोका संपता संपता एक लहान, पण टोकदार सिग्नल. पुढे सरकावं तसा तो मागे मागे जात होता. शेवटी तर ईसीजीवरचा मुख्य ठोका, म्हणजे क्यूआरएस, संपून बराच वेळ झाल्यावर येत होता. मग मॅडमनी उजव्या वेंट्रिकलमधून पेसिंग, म्हणजे कॅथेटरने विजेचे ठोके देणं, सुरू करायला सांगितलं, जेणेकरून लाट दुसऱ्या बाजूने येईल. नव्याने नकाशा काढला. डागाची कड थोडी बदलली, पट्टी जागेवर राहिली. पेसिंगचा एक ठोका मुद्दाम लवकर दिला तेव्हा पट्टीतला सिग्नल मुख्य ठोक्यापासून आणखी लांब गेला. दमलेल्या, सावकाश वाहून नेणाऱ्या स्नायूचं ते लक्षण. दूरच्या निरोगी भिंतीचा सिग्नल असा लांबत नाही. "पेशंटची," मॅडम म्हणाल्या आणि भाजायचा, म्हणजे ॲब्लेशनचा, कॅथेटर मागवला.

या कामात माझा सर्वांत जास्त वेळ ठिपके टाकून देण्यात जातो, हे सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. चौकट वेंट्रिकलच्या आतल्या खांबांसारख्या स्नायूंमध्ये अडकते, काड्या एकमेकींना चिकटतात, तीन मिलिमीटरचं अंतर एकावर येतं, आणि सॉफ्टवेअर ते तीन धरूनच हिशेब करत बसतं. तो भाग टाकायचा. कॅथेटर टोचला म्हणून पडलेला जास्तीचा ठोका टाकायचा. यंत्र ठोक्याचा आकार जुळवून असे ठोके गाळतं, तरी काही सुटतात. श्वासाबरोबर हृदय वरखाली होतं तेव्हा एकाच जागेचे ठिपके दोन ठिकाणी पडतात. आणि सर्वांत फसवे ते भिंतीला न टेकलेल्या इलेक्ट्रोडचे ठिपके. रक्तात तरंगणारा इलेक्ट्रोडही काहीतरी ऐकतच असतो, दुरून. तो सिग्नल लहान आणि गोलसर असतो, आणि यंत्राने ठिपका ठेवला की तिथे वण नसताना लाल रंग येतो. हजारो ठिपक्यांत असे शेकडो मिसळले की नकाशा अधिक आत्मविश्वासाने चुकीचा होतो. आणखी एक कळ असते. ठिपक्यापासून किती अंतरापर्यंत रंग पसरवायचा तो आकडा. तो वाढवला की नकाशा लगेच भरगच्च दिसतो, डॉक्टर पुढे जायला तयार होतात, केस लवकर संपते. मी तो लहान ठेवते. मग पडद्यावर राखाडी भोकं राहतात. नाशिकचे एक सर पहिल्यांदा वैतागले होते, "अहो, हे काय, चाळण झालीय." मी म्हटलं, "सर, तिथे आपण गेलेलोच नाही." ते गेले.

आता पैशांचं. एकदाच वापरायचे म्हणून आलेले कॅथेटर आपल्याकडे धुऊन, ईटीओ गॅसमध्ये निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तसं केलं नाही तर निम्न मध्यमवर्गातल्या कित्येकांना ही उपचारपद्धती परवडणारच नाही, म्हणून मी त्यावर नाक मुरडत नाही. पण साध्या चार इलेक्ट्रोडच्या कॅथेटरला जे सोसतं ते या चौकटीला सोसत नाही. केसाएवढ्या तारा, चिमुकले जोड. धुण्याघासण्यात एखादी तार आतून तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. सोळातला मधला एक इलेक्ट्रोड गेला की चोवीसपैकी चार जोड्या गेल्या, आणि ओम्निपोलरच्या नऊ चौकोनांपैकी चार लंगडे झाले. तुटायच्या बेतात असलेली तार तर जास्त वाईट. तिच्यातून सिग्नल येतो, पण अधूनमधून टोकदार खरखर मिसळून येते आणि ती खरखर हुबेहूब वणातल्या तुटक सिग्नलासारखी दिसते. त्यामुळे केसच्या आधी मी वाडग्यात सलाइन घेऊन चौकट त्यात बुडवते आणि मल्टिमीटरने एकेक पिन तपासते. मेलेले इलेक्ट्रोड सॉफ्टवेअरमध्ये बंद करते आणि डॉक्टरांना तोंडाने सांगते, कारण पडद्यावर ते कुठेही मोठ्या अक्षरांत लिहून येत नाही.

प्रयोगशाळांमध्ये याच्या खूप पुढचं काम चाललेलं आहे. २०१० साली अमेरिकेत सिलिकॉनची पातळ, लवचिक चादर डुकराच्या चालत्या हृदयावर अंथरून २८८ जागांचे सिग्नल एकाच वेळी नोंदवले गेले. प्रत्येक इलेक्ट्रोडपाशीच ट्रान्झिस्टर, त्यामुळे सिग्नल तारेत शिरायच्या आधीच सशक्त होतो आणि शेकडो तारा बाहेर काढायची गरज उरत नाही. ते वाचताना मला हेवा वाटला तो इलेक्ट्रोडच्या संख्येचा नव्हे, चिकटण्याचा. ओल्या, हलत्या, खडबडीत भिंतीला सगळे इलेक्ट्रोड एकसारखे टेकलेत ही चैन आमच्या वाट्याला कधीच येत नाही. हृदय उघडं असेल तर चादर अंथरता येते. आम्हाला पेनच्या रिफिलएवढ्या नळीतून आत जाऊन तिथे ती उलगडायची असते. छातीवर अडीचशे इलेक्ट्रोडचं जाकीट चढवून, सीटी स्कॅनशी जुळवून, बाहेरूनच हृदयावरची लाट मांडायचं तंत्रही आहे. एका ठोक्यात सगळं हृदय दिसतं, हे त्याचं बळ. पण वणातली दोन मिलिमीटरची वाट छातीच्या भिंतीपलीकडून ऐकू येईल अशी आशा मी धरत नाही.

ड्रायव्हरकाकांची पट्टी मॅडमनी दोन्ही टोकांशी आणि मधे भाजली. नंतर पेसिंग करून व्हीटी उठवायचा प्रयत्न केला, उठली नाही. काही महिन्यांनी आयसीडीच्या तपासणीत शॉकची नोंद नव्हती, असं लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी मला फोनवर कळवलं. या यशाचं श्रेय चौकटीला द्यायचा मोह होतो. पण मॅडमनी पट्टी भाजल्यावर डागाच्या कडेचे बाकीचे उशिराचे सिग्नलही भाजून काढले होते, अगदी जुन्या पद्धतीने, सरसकट. कुठल्या भाजण्याने काम झालं ते कसं सांगणार? चांगल्या नकाशामुळे कमी भाजून भागेल, असं मला वाटतं. मॅडमना वाटतं, की चांगल्या नकाशात संशयाच्या जागा जास्त दिसतात, म्हणून उलट जास्त भाजलं जाईल. लॅबमध्ये दोन्ही होताना मी पाहिलं आहे.

सध्या आमचं भांडण ०.५ आणि १.५ वर चालू आहे. हे आकडे २००० साली फिलाडेल्फियात फ्रान्सिस मार्चलिन्स्की यांच्या गटाने वणातल्या व्हीटीच्या ॲब्लेशनसाठी वापरले आणि तिथून जगभर रूढ झाले. पण तेव्हा मोजलं होतं ते मोठ्या टोकाच्या ॲब्लेशन कॅथेटरने, एका दिशेच्या जोडीने. एक मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडला त्याच जागी मोठा सिग्नल मिळतो, ओम्निपोलरला त्याहून मोठा. मोजपट्टी बदलली आणि खुणा जुन्याच ठेवल्या तर जिवंत-मेल्याची सीमा चुकीच्या जागी पडणार, असं माझं म्हणणं. मॅडम म्हणतात, त्यांची नजर या आकड्यांवर तयार झालेली आहे. रंगांचा अर्थ दर कॅथेटरला बदलला तर ऐन केसमध्ये घात होईल. दोघींचंही पटण्यासारखं आहे. तोवर मी जुन्या आणि बदललेल्या, दोन्ही कटऑफचे नकाशे काढून शेजारी-शेजारी लावते. दहा मिनिटं जास्त लागतात, आणि भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघून आम्हा दोघींना बोलतात.